लेलेबाईंच्या डाळिंब्या

लेलेबाई गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. शहाडच्या आमच्या शाळेत फोन एकच, हेडमास्तरांच्या खोलीत, आणि तो एखाद्या शिक्षिकेसाठी वाजला तर बातमी सहसा चांगली नसते. चौथा तास चालू होता. सातवीला मी उल्हास नदी शिकवत होते आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. फोनवर बाईंचा मुलगा श्रीधर होता. "पुष्पाताई, आई गेली... सकाळी. झोपेतच." मी फोन ठेवला. वर्गात परत आले तर फळ्यावर माझंच वाक्य अर्धवट राहिलेलं. ते पुरं केलं. ही नदी शहाडवरून कल्याणला, तिथून डोंबिवलीच्या कोपरच्या कडेने पुढे ठाण्याच्या खाडीकडे जाते. लिहिता लिहिता हात थबकला. शहाडला माझं सासर, कोपरला बाईंचं घर, खाडीवर माझं माहेर. एकाच पाण्यावरची तीन घरं. इतकी वर्षं हा धडा शिकवते आहे, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी मी गेले नाही. कारणं सांगता येतील, पण खरं कारण म्हणजे धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी गेले. त्या दुपारबद्दल शेवटी सांगते. आज दीड महिना झाला, आता जरा लिहिता येतंय. पण बाईंबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायला हवं, आणि गेलेल्या माणसाच्या चुका काढू नयेत म्हणतात. बाईंनी मात्र मला परवानगी दिली असती. ती चूक त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या, माझं नाव तेवढं वगळून. आज मी ते नाव जोडते आहे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात लेलेबाई तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवायच्या. डोंबिवलीहून यायच्या. सुती साडी, खांद्याला शबनम, आणि बोलणं इतकं स्वच्छ की आमच्यासारख्या खाडीकाठच्या पोरी त्यांच्यासमोर 'नाय' म्हणायलासुद्धा बिचकायच्या. एका मे महिन्यात त्यांनी कसलासा अभ्यासक्रम केला आणि प्राचार्यांच्या मागे लागून जिन्याखालची खोली मिळवली. तिथे जिमखान्याच्या मोडक्या कॅरमबोर्डांचा ढीग होता. बाईंनी पदर खोचून खोली झाडली, समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टेबल, दाराला हिरवा पडदा, आणि बाहेर पाटी लावली, 'समुपदेशन कक्ष'. त्या शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता, पण कॉलेजातल्या टारगटांनी दोन दिवसांत तो लावून टाकला. ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ, म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात कुणी तऱ्हेवाईक वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. आम्ही राहणारेच ठाण्याचे, म्हणून आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणायचो. जो पडद्याआड जाईल तो 'तिकडे' जायच्या वाटेवर, असं ठरून गेलं. पहिले तीन महिने त्या पडद्याला वाऱ्याशिवाय कुणी हात लावला नाही.

मग बाईंनी सगळ्या वर्गाला एक छापील प्रश्नावली दिली. एका परदेशी पुस्तकातून त्यांनीच मराठीत आणलेली. 'आपल्या खोलीत एकटे असताना आपल्याला कसे वाटते?' असा पहिलाच प्रश्न. आमच्या बाकांवर स्वतःची खोली असलेलं कुणी नव्हतंच. शेजारच्या सुनंदाने लिहिलं, 'खोलीत आम्ही सात जण असतो, पाहुणे आले तर नऊ.' 'आईवडिलांचा राग येतो का?' या प्रश्नाला साऱ्या वर्गाने एकमताने 'नाही' लिहिलं, जणू उत्तरपत्रिका घरी सहीला जाणार होती. मी बहुतेक जागा कोऱ्याच सोडल्या. शेवटी मात्र 'आणखी काही सांगायचे आहे का?' अशी एक ओळ होती आणि तिथे मी लिहिलं, 'वडील दुपारी येतात.' लिहायचं ठरवलं नव्हतं. लिहिलं गेलं.

माझे बाबा खाडीत मासे धरायचे. त्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस, होड्या वर ओढून ठेवायचे दिवस तोंडावर आले असताना, ते एकटेच गेले आणि वारा उठला. होडी दुसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत अडकलेली सापडली. बाबा सापडले नाहीत. देह नाही म्हणून क्रियाही नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येते, असं दामूकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आईला परोपरीने सांगत, पण आई ऐकायची नाही. हातात बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि रोज दुपारी बाबांच्या वाटचा भात झाकून ठेवलेला. तिला तोंडावर कुणी काही बोलत नसे. आणि मला बाबा दिसत. कॉलेजातून येऊन ओटीवर लवंडलं की... झोप म्हणावी तर अंगणातल्या बायकांचं बोलणं कानावर पडत असायचं, जाग म्हणावी तर हात उचलत नसे. उन्हाने दार पांढरं झालेलं असायचं आणि त्या पांढऱ्यात बाबा उभे. गंजी ओली, पायाशी पाणी. आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच एक प्रश्न विचारायचे, मी उत्तर द्यायची नाही, आणि ऊन सरकलं की तिथे कुणी नसायचं. एकदोनदा बाईंच्या तासालाही, शेवटच्या बाकावर माझी मान कलली असताना, वर्गाच्या दारात येऊन गेले. मला बाबांची भीती कधीच वाटली नाही. उत्तर काय द्यायचं, याची वाटायची.

बाईंनी मला बोलावून घेतलं. समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघून मोकळेपणी बोल." मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊ नये, हे आईने मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. मी बाईंच्या पेनाकडे बघत राहिले. झोप लागते का, भूक लागते का, डोकं दुखतं का, आवाज ऐकू येतात का, वडील दिसतात ते किती वेळ... मी उत्तर दिलं की पेन हलायचं. पुस्तकात दिलेलं सगळं त्यांनी विचारलं. बाबांची क्रिया झाली का, हे विचारलं नाही. ते दारात येऊन काय म्हणतात, हेही विचारलं नाही. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी लिहून पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, आणि एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगून म्हणाल्या, "घाबरू नकोस. घरच्या कुणाला तरी बरोबर ने." खरोखर काळजीने म्हणाल्या. पण त्या 'घाबरू नकोस'नेच मी पहिल्यांदा घाबरले.

पाकीट दामूकाकांच्या हाती पडलं. आत इंग्रजी. मग खोपटच्या एसटी डेपोत कारकून असलेल्या शेजाऱ्याला बोलावणं गेलं. त्याने अंगणात उभं राहून, चष्मा लावून, मोठ्याने वाचलं आणि मोठ्यानेच मराठीत सांगितलं. मेलेलं माणूस दिसतं, मनाच्या डॉक्टरांना दाखवणं जरूर. दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट आळीच्या दोन्ही टोकांना पोहोचली. आईला दोन शब्द लागले. एक, तिची मुलगी वेडी. दुसरा, नवरा मेलेला, तोही शाईने लिहून. ती कुणाशी भांडली नाही, चुलीपुढे बसून राहिली. दामूकाकांनी निकाल दिला की कॉलेज बंद, शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलं. आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. माझ्यामागे दामूकाकांच्याच दोन मुली दप्तर सावरून वाट बघत होत्या, त्यांचीही वाट त्या पाकिटाने अडवली. पुढच्या बुधवारी भगत येऊन लिंबू उतरवून गेला. मी ओटीवर पडून असायची. बाबा आता रोज यायचे. रोज तोच प्रश्न, आणि आता उत्तर द्यायची भीती दुप्पट झालेली, कारण आपण वेडे आहोत हे मलाही पटत चाललं होतं.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. ऑफिसातून पत्ता काढून, छत्री उन्हाला धरून, विचारत विचारत. अंगणात जवळा सुकत घातलेला. आई आणि आमची आजी सुपं घेऊन त्यातला काडीकचरा नि बारके शिंपले निवडत होत्या. मी दाराआड उभी. बाईंनी नाव सांगितलं. आईने मान वर केली नाही.

"चिटी तूच लिवलीस?"

"हो, मीच."

"माजी पोर येडी हाय?"

"नाही," बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. तिला जे विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नाही."

कॉलेजातलं कुणी आमच्या अंगणात येऊन 'माझं चुकलं' म्हणेल, हे मी दाराआडून ऐकत होते तरी मला खरं वाटत नव्हतं. आईने त्यांना पाट दिला नाही. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि साडी आवरून सरळ जमिनीवर मांडी घातली. आईने शेजारचं रिकामं सूप भरलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "बसलीस तं हात चालव, बाय. रिकाम्या हातानं दुखाच्या गोष्टी नाय करत आमच्यात."

लेलेबाईंच्या घरात तोवर अंडंही आलेलं नव्हतं. त्यांनी जवळ्यात बोटं घातली. वासाने एकदा डोळे मिटले, मग उघडले, आणि निवडायला लागल्या. पहिल्यांदा जवळाच टाकत होत्या आणि काड्या ठेवत होत्या, तेव्हा आजीला हसू फुटलं. तिने त्यांचा हात धरून दाखवलं. दुपार अगदी निपचित होती. खाडीला ओहोटी लागलेली, चिखलाचा वास, दूरवर कुणीतरी होडीला खिळे ठोकत होतं आणि एकेक ठोका पाण्यावरून उशिरा यायचा. मी कधी दाराआडून येऊन आईला टेकून बसले, आठवत नाही. माझ्याही पुढ्यात सूप होतं. चौघींच्या माना खाली. किती वेळ गेला कोण जाणे... आणि मग बाईंनी, बोटं चालू ठेवूनच, माझ्याकडे न बघता विचारलं, "पुष्पा, बाबा दारात येऊन म्हणतात तरी काय गं?"

मी म्हटलं, "विचारतात, आत येऊ काय?"

आईचा हात थांबला. आजीने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मग आई बोलायला लागली, आम्हा कुणाशी नाही, सुपाशी. "मीच बोलली त्याला. जाताना. सकालीच भांडान झालता आमचा. बोलली, आता या घरात पाय ठेवू नको." बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. ती आत्ता रडली, हात जवळ्यातच ठेवून. मला त्या भांडणाचं काही ठाऊक नव्हतं. की पलीकडच्या खोलीत वेणी घालताना कानावर पडलं होतं आणि मी विसरले होते... आजही सांगता येत नाही. बाईंनी अर्थ सांगितला नाही, समजूत घातली नाही. त्यांच्या बोटांची गती जरा मंदावली तेवढीच. बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मंग तू काय सांगतंस त्याला?"

"काय नाय."

"ये म्हून सांग. आयनं सांगितलाय म्हून सांग."

बाई उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. निघताना आईने मूठभर निवडलेला जवळा पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला. रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही, ही तिची रीत. आणि पुडीला कागद म्हणून जो हाताशी लागला तो नेमका बाईंच्याच चिठ्ठीचा. मुद्दाम की चुकून, हे मी आईला कधी विचारलं नाही. बाईंनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि शबनममध्ये ठेवली. घरी नानांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, शबनमसकट बायकोला गॅलरीत उभं केलं होतं म्हणे. जवळा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेला. कागद बाईंनी ठेवला. मी शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या टेबलाच्या खणात तो पाहिला, तेव्हाही त्याला वास होता.

आठेक दिवसांनी, अशाच एका पांढऱ्या दुपारी, बाबा आले. मी म्हटलं, "बाबा, या. आयनं सांगितलंय." ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर बसले, अंगातली गंजी काढली, नीट पिळली, झटकून खांद्यावर टाकली, आणि खाडीकडे बघत बसून राहिले. मला इतकी गाढ झोप लागली की आईने दिवा लावला तेव्हा जाग आली. उठून मी उंबऱ्याला हात लावून पाहिला. कोरडा होता. पुढच्या अमावास्येला आईने दामूकाकांना निरोप धाडला की क्रिया करून घ्या. बांगड्या तिने कुणाला फोडू दिल्या नाहीत, स्वतः उतरवून खाडीत सोडल्या. आणि घरी परतताना, ओल्या पायांनी, दामूकाकांना म्हणाली, "उद्यापासून पोर कॉलेजात जाल. कोन काय बोलला तं मना सांग." पुढच्या जूनमध्ये त्यांची थोरली माझ्यासोबतच कॉलेजला निघाली.

परत गेले तर जिन्याखालच्या खोलीचं रूप पालटलेलं. पडदा गेला होता, दार उघडं टाकलेलं. टेबल भिंतीशी. दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी, खिडकीकडे तोंड करून, आणि मधे स्टुलावर पितळी पातेलं. पातेल्यात मोड आलेले कडवे वाल. जवळा काही कॉलेजात आणता येत नव्हता, म्हणून बाईंनी आपल्या स्वयंपाकघरातला उपाय काढला होता. वाल सोलायला वेळ लागतो, बोटं गुंततात, डोळे खाली राहतात. जो येईल त्याला म्हणायच्या, "बैस. जरा सोलू लाग मला. आधी कोमट पाणी घालायचं, मग साल आपणहून सुटतं. नख लावू नकोस, डाळिंबी मोडते." त्या डाळिंब्या म्हणत, आम्ही वाल म्हणतो, आणि इतिहासाचे प्रधान सर बिरडं म्हणत. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली. प्राचार्यांनी विचारलं, बाई, हे समुपदेशन केंद्र की खानावळ? बाई म्हणाल्या, खानावळीत तरी रांग असते, माझ्याकडे येऊ द्या आधी. आणि आली की हो रांग! 'बाईंना वाल सोलायला जातो' असं सांगून जाणाऱ्याला कोण हसणार? हाल झाले ते नानांचे. आठवड्यातून चार-चार दिवस डाळिंब्यांची उसळ. "तुझ्या पोरांची दुःखं मला पचत नाहीत," असं ते म्हणायचे आणि वाटी पुढे करायचे.

मी दुपारी रिकामी असले की तिथे असायची, सालं टाकायला नि पाणी गरम करायला. एका कल्याणच्या मुलाने सहा दिवस नुसते वाल सोलले. सातव्या दिवशी म्हणाला की तो गेल्या वर्षीच नापास झालाय, घरी कुणाला माहीत नाही, आणि तरी रोज डबा घेऊन निघतो. बाईंनी 'वडिलांना सांग' म्हटलं नाही, घरात वडिलांनंतर कुणाचा शब्द चालतो ते विचारलं. आत्याचा, तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात आत्या येऊन त्याच खुर्चीत बसली होती, सोलत. डॉक्टरांकडे पाठवायचं बाईंनी सोडलं नाही. ज्याला औषधाची गरज त्याला त्या पाठवायच्याच, पण पाकीट देऊन नाही. स्वतः बरोबर जायच्या, आणि घरच्यांशी आधी त्यांच्या ओटीवर बसून बोलायच्या. सगळ्यांना सावरलं असंही नाही. शहाडकडचा एक मुलगा दोनदा आला, हसतखेळत गेला, आणि मग घर सोडून निघून गेला तो सापडला नाही. त्याच्या आईला बाई दर दिवाळीला भेटून यायच्या. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायची सोय नसे. एरवीही त्या फार तापट होत्या, डाळिंबी मोडली की माझ्यावर वसकन ओरडायच्या. आणि मीही काही देवता नव्हते. त्या चिठ्ठीचा राग माझ्या मनात पुष्कळ दिवस होता. तो मी एकदा मुद्दाम डाळिंब्या मोडून काढला. बाईंनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आज आमटी करते."

कॉलेज संपायच्या सुमारास मी त्यांना विचारलं होतं, "बाई, तुम्हाला काय वाटतं? बाबा खरंच यायचे?" त्यांनी हातातली डाळिंबी पातेल्यात टाकली. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत गं. पण ते काय म्हणतात, हे कुणीतरी विचारायला हवं होतं." लग्नानंतर मी शहाडला गेले, पण महिन्यातून एखादी दुपार कोपरला त्यांच्या गॅलरीत जायची. समोर तेव्हा भातखाचरं होती, पलीकडे खाडीची एक चकाकती पट्टी. पुढे इमारती उठल्या आणि ती पट्टी बोटभर उरली. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली मुलं त्या गॅलरीत सोलायला यायची.

तर ती तिसऱ्या दिवसाची दुपार. दार उघडं. घरात सुतक, शेजारणीने आणलेला पिठलंभात ओट्यावर झाकलेला, तसाच. नाना गॅलरीत बाईंच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. श्रीधरने मला आत स्वयंपाकघरात नेलं. त्याचे डोळे सुजले होते. हळू आवाजात म्हणाला, "पुष्पाताई, बाबांचं मला काही खरं दिसत नाही. कालपासून म्हणताहेत की आई दुपारी येते. येऊन दारात उभी राहते म्हणतात. एरवी एक शब्द बोलत नाहीत, जेवत नाहीत. एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केलाय, उद्या त्यांना दाखवायला नेतो. तुम्ही जरा समजवाल का त्यांना?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बाईंचा मुलगा होता आणि घाबरला होता, त्याच्या परीने काळजीच घेत होता. मी म्हटलं, "गरज पडली तर नेऊच, मीही येईन. मला आजची दुपार दे."

खिडकीशी खुंटीला एक पुरचुंडी लटकत होती. बाईंनी जायच्या आदल्या दिवशी भिजवून बांधलेले वाल. कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. फडकं सोडलं तर मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब झाले होते आणि थोडा आंबूस वास येत होता. एकदोन दिवस आणखी गेले असते तर टाकूनच द्यावे लागले असते. मी पितळी पातेलं घेतलं, त्यात ते ओतले आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर ठेवलं, दोन खुर्च्यांच्या मधे. बाईंच्या खुर्चीत बसायला क्षणभर जड गेलं. बसले. नाना समोरच्या इमारतींमधल्या बोटभर खाडीकडे बघत होते. जन्मभर त्यांनी या डाळिंब्या खाल्ल्या, एक सोलली नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांचा हात आपणहून पातेल्यात गेला. एक वाल उचलला, चिमटला, तो मोडला. दुसरा उचलला. तोही मोडला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा लांबून यावा तसा येत होता, आणि गॅलरीच्या दाराशी ऊन येऊन थांबलं होतं, पांढरं, ओळखीचं. मी मान वर केली नाही.

"नाना," मी म्हटलं, "दारात येऊन बाई म्हणतात तरी काय?"

त्यांनी हातातली मोडलेली डाळिंबी पातेल्यात ठेवली. मग त्यांचा आवाज आला, तीन दिवसांत क्वचितच वापरलेला, घोगरा. "म्हणते... कोरडेच काय सोलताय? आधी कोमट पाणी घाला."

मी उठले आणि गॅसवर पाणी ठेवलं.